‘गुणवत्ता’ ह्या शब्दाचे दोन अर्थ : जे. पी. नाईक ह्यांच्या शैक्षणिक त्रिकोणाची चिकित्सा

१

कोठारी आयोगाचे (१९६४–६६) सदस्य-सचिव म्हणून ज्यांचे नाव भारतीय शिक्षणाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे, त्या जे. पी. नाईक (१९०७–१९८१) ह्यांचा ‘इक्वॅलिटी, क्वालिटी अँड क्वांटिटी : दि इल्यूसिव्ह ट्रँगल इन इंडियन एज्युकेशन’ हा ग्रंथ १९७५ साली प्रसिद्ध झाला. समता, गुणवत्ता आणि संख्या ह्या तिन्ही उद्दिष्टांची एकत्र साधना करण्याचा संकल्प स्वतंत्र भारताने सोडला, परंतु तिन्हींचा मेळ काही बसला नाही, हा त्या ग्रंथाचा मुख्य सिद्धान्त होय. ग्रंथकार मराठी, त्यांच्या कार्याचा पाया महाराष्ट्रात, तथापि ग्रंथ इंग्रजीत. ह्या गोष्टीचा एक परिणाम मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. नाईकांचा त्रिकोण मराठीत आणताना त्याच्या तीन बाजूंपैकी एक बाजू आपोआप वाकते. ती बाजू ‘गुणवत्ते’ची.

इंग्रजीत अध्यापनाचा किंवा संस्थेचा दर्जा सांगणारा शब्द वेगळा आणि परीक्षेत वर आलेल्या विद्यार्थ्याची योग्यता सांगणारा शब्द वेगळा. मराठीत दोहोंसाठी ‘गुणवत्ता’ हा एकच शब्द रूढ झाला आहे. ‘शाळेची गुणवत्ता वाढली पाहिजे’ आणि ‘प्रवेश गुणवत्तेनुसार होतील’ ही दोन वाक्ये एकाच परिपत्रकात शेजारी-शेजारी येऊ शकतात आणि वाचणाऱ्यास त्यांत काही खटकत नाही. वस्तुतः पहिल्या वाक्यातील गुणवत्ता ही शाळेने विद्यार्थ्यास द्यावयाची आहे. दुसऱ्यातील गुणवत्ता विद्यार्थ्याने शाळेला आणून द्यावयाची आहे. देणे आणि येणे एकाच नावाने लिहिले, तर हिशेबाचे काय होते, हे पाहणे हा प्रस्तुत चिकित्सेचा हेतू होय.

२

‘गुण’ हा शब्द मराठीत संस्कृतातून आला तो मोठा परिवार घेऊन. दोरीचा धागा, सांख्यांचे सत्त्व-रज-तम, वैयाकरणांचे अ-ए-ओ, साहित्यशास्त्रातील माधुर्य-ओज-प्रसाद, हे सारे गुणच. परंतु बोलीत ह्या शब्दाचा जो अत्यंत जिवंत प्रयोग आढळतो, तो औषधासंबंधीचा. औषधाचा गुण येतो; वैद्याच्या हाताला गुण असतो; अमक्याचा ‘हातगुण’ चांगला, असे म्हटले जाते. ह्या प्रयोगांत गुण हा देणाऱ्याचा धर्म आहे, घेणाऱ्याचा नव्हे. रोगी बरा झाला तर रोग्याची गुणवत्ता कोणी वाखाणीत नाही.

शाळेच्या भाषेत नेमके उलट घडले. परीक्षेतील अंकांना लिखित मराठीने ‘गुण’ हे नाव दिले, आणि वैद्याच्या हातचा गुण रोग्याच्या खात्यावर जमा झाला. घरगुती बोलीने मात्र हे नामकरण पुरतेपणी स्वीकारलेले नाही. निकालाच्या दिवशी अंधेरीच्या किंवा मुलुंडच्या चाळीत आजही ‘किती मार्क पडले?’ असेच विचारले जाते. ‘पडणे’ हे क्रियापदही अर्थपूर्ण आहे. पाऊस पडतो, स्वप्न पडते, कोडे पडते. तसे मार्कही ‘पडतात’. ज्याला ते पडतात तो चतुर्थीत उभा असतो आणि देणारा कर्ता वाक्यात कोठेच नसतो. त्या अंकांमागे कोणाचे शिकवणे होते आणि कोणाचे नव्हते, हा प्रश्न त्या वाक्यरचनेत उद्भवतच नाही.

‘शिकवणे’ ह्या क्रियापदाचा व्यवहारही असाच विचार करण्याजोगा आहे. रूपाने ते ‘शिकणे’ ह्याचे प्रयोजक होय. मराठीतील बहुतेक प्रयोजकांत क्रियेची सिद्धी गृहीत असते. ‘पाणी तापवले, पण ते तापले नाही’ हे वाक्य विसंगत ठरते. ‘शिकवले, पण तो शिकला नाही’ ह्या वाक्यात मात्र कोणासच विसंगती भासत नाही. ‘समजावणे’ ह्याचीही तीच तऱ्हा. ह्यात भाषेचा दोष नाही, उलट शहाणपण आहे. शिकणे हे पाणी तापण्यासारखे नसून त्यात शिकणाऱ्याच्या बुद्धीचा व इच्छेचा अर्धा वाटा असतो, हे भाषेने ओळखले आहे. परंतु भाषेने प्रामाणिकपणे मोकळी ठेवलेली ही फट शिक्षणसंस्थांनी आश्रयस्थान म्हणून वापरली. अभ्यासक्रम ‘शिकवून झाला’ की संस्थेचे कर्तव्य संपले. ‘शिकणे’ हा ज्याचा त्याचा प्रश्न.

३

ह्या शब्दव्यवहाराचे प्रत्यक्ष रूप मुंबईच्या उपनगरांत जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच अन्यत्र दिसत असेल. अंधेरी आणि घाटकोपर हा टापू १९५० साली, तर बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले. त्यापूर्वीच उपनगरांतील मध्यमवर्गाने आपल्या शाळा आपण उभ्या करण्यास आरंभ केला होता. १९२१ साली स्थापन झालेले पार्ले टिळक विद्यालय हे त्याचे ठळक उदाहरण. पुढे डोंगरउतारांवर, खाडीकाठी आणि रेल्वेमार्गालगत जी श्रमिकांची वस्ती वाढली, तिच्या वाट्याला प्रामुख्याने महापालिकेच्या शाळा आल्या. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू व कन्नड अशा आठ माध्यमांतून शिकवणारी ही व्यवस्था भाषिक न्यायाच्या दृष्टीने असामान्य होती. तरीही एकाच स्थानकाच्या पूर्वेस व पश्चिमेस दोन निराळ्या शैक्षणिक सृष्टी नांदत राहिल्या. कोठारी आयोगाने शिफारस केलेली शेजारशाळा, म्हणजे एका परिसरातील सर्व मुलांची एकच सामाईक शाळा, ती येथे आलीच नाही.

तिच्या जागी वाटपाच्या दोन पद्धती आल्या. सहाव्या वर्षी सोडत आणि सोळाव्या वर्षी गुणवत्ता यादी.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांतील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील बालकांसाठी ठेवल्या. अर्ज अधिक आणि जागा थोड्या असल्याने निवड सोडतीने होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत शासकीय वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेस ह्या बंधनातून मोकळे केले. उपनगरांसारख्या दाट वस्तीत ह्याचा अर्थ उघड होता. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रद्द ठरविला. खुद्द महापालिकेनेही २०२० मध्ये जोगेश्वरी पूर्वेच्या पूनमनगर येथे केंद्रीय मंडळाची शाळा काढली, आणि तिच्या प्रवेशासही सोडत आली. महापालिकेच्या शाळांना ‘मुंबई पब्लिक स्कूल’ हे इंग्रजी नाव मिळाले, तेही ह्याच सुमारास. सोडतीत कोणावर अन्याय होत नाही हे खरे. पण ज्याची चिठ्ठी निघाली नाही, त्याच्या शाळेत शिकवणे कसे आहे, ह्याचे उत्तरही सोडत देत नाही.

अकरावीच्या प्रवेशाचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. निरनिराळ्या मंडळांचे गुण कसे ताडून पाहावेत, ह्या एका प्रश्नावर राज्य शासनाने लागोपाठ तीन वर्षे तीन तोडगे काढले. २००८ चे पर्सेंटाइल सूत्र आणि २००९ ची राज्य मंडळासाठी ९० टक्के जागांची तरतूद न्यायालयात टिकली नाही. २०१० ची ‘बेस्ट फाइव्ह’ योजना उच्च न्यायालयाने फेटाळली, सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. ह्या वादात ‘गुणवत्ता’ हा शब्द उभय पक्षांनी सतत उच्चारला, परंतु प्रत्येक वेळी त्याचा अर्थ यादीतील स्थान एवढाच होता. नामांकित महाविद्यालयाच्या पहिल्या यादीची टक्केवारी हीच त्या महाविद्यालयाची गुणवत्ता समजली जाते. म्हणजे, चांगले विद्यार्थी आधीच निवडून घेणारी संस्था ‘गुणवत्तापूर्ण’, आणि पन्नास टक्क्यांच्या मुलास साठ टक्क्यांपर्यंत नेणारी संस्था सामान्य! ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण वाईट संगतीविषयी आहे. उपनगरातील पालक तिचा उलटा अर्थ घेऊन शाळा निवडतो, आणि त्यास दोष देता येत नाही; कारण शिकवण्याचा दर्जा पारखण्याचे दुसरे साधन त्याच्या हाती कोणी दिलेलेच नाही.

४

शिक्षणातील सचोटीचा प्रश्नही ह्याच गोंधळाशी निगडित आहे. ‘प्रामाणिक’ हा शब्द ‘प्रमाण’ ह्यापासून साधला आहे. प्रमाणाला धरून असणे हा त्याचा मूळ अर्थ. शिक्षणव्यवस्थेत प्रमाणाची जागा प्रमाणपत्राने घेतली, तेव्हा प्रामाणिकपणाही कागदापुरता उरला. परीक्षांतील गैरप्रकारांस प्रतिबंध करणारा अधिनियम राज्याने १९८२ मध्ये केला. त्याचा रोख परीक्षागृहातील वर्तनावर आहे, आणि तो योग्यच आहे. पण शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरव्यवहार २०२१ मध्ये उघडकीस आला आणि सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली, तेव्हा दोष पेपर लिहिणाऱ्या मुलांपुरता नसून शिकवणारे निवडण्याच्या यंत्रणेतच शिरल्याचे दिसले. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकांची संगणकीय तपासणी कोलमडून निकाल कित्येक आठवडे रखडले, ते निराळ्या प्रकारचे अपयश. तेथे लबाडी नव्हती. परंतु गुण देणे हे शिक्षकाचे विचारपूर्वक करण्याचे काम आहे, ह्याचाच विसर पडला होता.

ह्याहून सूक्ष्म असत्य हजेरीपटात आढळते. विज्ञानशाखेचा विद्यार्थी नाव कनिष्ठ महाविद्यालयात घालतो आणि दिवसभर बसतो खाजगी शिकवणीत. हे दूर करण्यासाठी २०१८ मध्ये शासनाने मुंबईसह काही विभागांत बोटाच्या ठशाने हजेरी घेण्याचा आदेश काढला. पूर्वी अंगठा उठवणे ही निरक्षराची खूण होती. आता ती विद्यार्थी असल्याची खूण ठरली. तो वर्गात नाही हे यंत्राने कळू शकते. वर्गात का नाही, हे कळत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने शिक्षकास खाजगी शिकवणी करण्यास मनाई केली आहे, तर २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तीनिवारण व निवडणुका ह्या कामांस त्याला जुंपण्याची मुभा ठेवली आहे. शिक्षकाने काय करू नये आणि वर्गाबाहेर काय करावे, हे कायदा सांगतो. वर्गातील त्याच्या कामासाठी वेळ, प्रशिक्षण आणि मान ह्यांची तरतूद करण्याबाबत व्यवस्था तितकी दक्ष नाही.

आणखी एक गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने नोंदवलीच पाहिजे. घाटकोपरच्या असल्फ्याच्या टेकडीवर राहणारे मूल ‘पाणी’स ‘पानी’ म्हणते, तेव्हा ते आपल्या बोलीशी पूर्ण प्रामाणिक असते. १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांचा हेतू लेखनात एकसूत्रता आणण्याचा होता, कोणाच्या उच्चाराची योग्यता ठरविण्याचा नव्हता. तरीही त्या मुलाचा एक गुण कापला जातो, आणि ती वजाबाकी पुढे त्याच्या ‘गुणवत्ते’त धरली जाते. बोलीकडून प्रमाणभाषेकडे त्याला नेणे हे शाळेचे काम होते. शाळेने न केलेल्या कामाचा दंड मूल भरते.

५

नाईकांच्या पूर्वी जवळजवळ एक शतक, ऑक्टोबर १८८२ मध्ये, महात्मा जोतीराव फुले ह्यांनी हंटर आयोगापुढे सादर केलेले निवेदन ह्या संदर्भात पुन्हा वाचावयास हवे. सरकारी निधी वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि करभार वाहणारा शेतकरी वंचित राहतो, ही त्यांची समतेची मागणी सर्वज्ञात आहे. तिच्या जोडीने त्यांनी शिक्षकाविषयी जे सांगितले, त्याकडे तुलनेने दुर्लक्ष झाले. शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला पुरेसे वेतन असावे, आणि वेळ पडल्यास नांगर किंवा सुताराचा वाकस हाती धरून खालच्या थरांतील लोकांत मिसळण्याची त्याची तयारी असावी, असे त्यांचे म्हणणे होते. फुल्यांच्या मांडणीत समता आणि अध्यापनाचा दर्जा ही परस्परांना छेदणारी उद्दिष्टे नाहीत. चांगला शिक्षक हेच समतेचे साधन आहे. नाईकांच्या त्रिकोणात ह्या दोन बाजू एकमेकींवर ताण देताना दिसतात. तो ताण पुष्कळ अंशी खरा आहे. पण त्याचा काही भाग ‘गुणवत्ता’ म्हणजे निवड असे समजण्यातून येतो. निवड आणि समता ह्यांत विरोध आहे. शिकवणे आणि समता ह्यांत नाही.

ह्यावर आक्षेप येईल की, शब्द बदलल्याने वर्ग सुधारत नाहीत. इंग्रजीत दोन शब्द असूनही तेथील विषमता काही नाहीशी झालेली नाही. आक्षेप यथार्थ आहे. विषमतेचे मूळ शब्दांत नाही. तथापि विषमतेविषयी प्रश्न विचारावयाचा तर तो शब्दांतच विचारावा लागतो, आणि देणे-येणे एका नावाने लिहिणाऱ्या भाषेत तो प्रश्न नीट मांडताच येत नाही. मराठीस हे अशक्य नाही. ‘समन्यायी’ हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यांत रुजला तो पाण्याच्या वाटपामुळे. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे ह्यांच्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी दिले. आणि ती कल्पना शब्दासह लोकांना समजली. शिक्षणात अद्याप ज्याचे शेत मोठे त्यालाच पाणी अधिक मिळते, आणि त्या शेताचे नाव ‘गुणवत्ता’ असे आहे.

यास्तव प्रवेशाच्या यादीस तिच्या स्वरूपास साजेसे ‘गुणानुक्रम यादी’ हे नाव द्यावे, आणि ‘गुणवत्ता’ हा शब्द शाळेकडून, महाविद्यालयाकडून आणि विद्यापीठाकडून जे देणे आहे त्यासाठी राखून ठेवावा, एवढी सूचना येथे करता येईल. सूचना लहान आहे. परंतु ती स्वीकारली, तर बोरिवलीच्या एखाद्या नापास मुलाचा निकाल हाती घेताना ‘याची गुणवत्ता काय?’ असे विचारणे अवघड होईल. त्याऐवजी, ज्या हातांनी त्याला शिकवले त्यांना गुण होता काय, आणि नसल्यास तो त्यांना कोणी येऊ दिला नाही, असे विचारावे लागेल.