अग्निज खडकांचा धडा : तीन वाक्यांची तपासणी

भिवंडी तालुक्यातील पूर्णा हे गाव आज गोदामांसाठी ओळखले जाते. तिथल्या रस्त्याखाली आणि गोदामांच्या काँक्रीटमध्ये जी काळी खडी पडते, ती बेसाल्टची, म्हणजे अग्निज खडकाची. तरीही तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याला 'अग्निज खडक कसा तयार होतो' याचे चित्र काढायला सांगा. तो शंकूसारखा डोंगर काढील, त्यातून उडणारा लाल रस दाखवील आणि खाली त्याच रसाचे तळे रंगवील. पायाखालची खडी त्या चित्रात कुठेच नसेल. हा दोष मुलाचा नाही. हा धडा आपण ज्या रीतीने शिकवतो, त्या रीतीचा आहे.

धड्याची जमेची बाजू आधी सांगू. शिलारस थंड होऊन अग्निज खडक बनतो, भूपृष्ठावर आलेल्या शिलारसाला लाव्हा म्हणतात, हे त्यात बरोबर सांगितलेले असते. आमचा आक्षेप वर्गात हमखास ऐकू येणाऱ्या तीन वाक्यांवर आहे.

पहिले वाक्य : 'पृथ्वीच्या पोटात तप्त शिलारस भरलेला आहे.' भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत. पण सुमारे २९०० किलोमीटर खोलीपर्यंतच्या प्रावरणातून त्या आरपार जातात. म्हणजे प्रावरण घन आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेले आर. डी. ओल्डहॅम यांनी १९०६ साली भूकंपलहरींवरूनच पृथ्वीच्या गाभ्याचा पुरावा मांडला. बाह्यगाभा द्रव आहे खरा, पण तो मुख्यतः लोखंडाचा. ज्वालामुखीतून बाहेर येतो तो रस हा नव्हे.

मग शिलारस येतो कुठून? इथे स्वयंपाकघरातला कुकर उपयोगी पडतो. कुकरमध्ये दाब वाढल्याने पाण्याचा उत्कलनांक १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. दाब एकदम उतरला, तर वेगळी उष्णता न देताही ते पाणी खळखळून उकळते. खडकाच्या द्रवणांकाचे असेच आहे. प्रावरणातील खडक भूपृष्ठावरच्या दाबाला सुमारे ११०० अंशांना वितळू लागेल. १०० किलोमीटर खोलीवर, सुमारे ३० हजार वातावरणांइतक्या दाबाखाली, तोच खडक १४००-१५०० अंशांपर्यंत घन राहतो. असा तप्त घन खडक फार सावकाश वर सरकला की त्याच्यावरचा दाब घटतो आणि तो वितळू लागतो. तोही सगळा नव्हे, थोडाच भाग. त्या भागात सिलिकाचे प्रमाण मूळ खडकापेक्षा जास्त असते, म्हणून त्यापासून बेसाल्ट बनतो. जपान-इंडोनेशियाकडे कारण वेगळे आहे. तिथे खाली जाणाऱ्या भूपट्टातून सुटलेले पाणी खडकाचा द्रवणांक उतरवते. दोन्ही ठिकाणी वितळण्यासाठी जादा आच लागलेली नाही, हे वरच्या वर्गातील मुलांना जरूर सांगावे. एखादा चौकस विद्यार्थी बर्फाचे उदाहरण देईल. दाबाने बर्फाचा द्रवणांक उतरतो, कारण बर्फ वितळताना आकसतो. खडक वितळताना प्रसरण पावतो.

दुसरे वाक्य : 'ज्वालामुखी म्हणजे शंकूच्या आकाराचा पर्वत.' महाराष्ट्रात हे वाक्य फार दिशाभूल करते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा मुख्यतः भेगांतून आला आणि दूरवर सपाट पसरला. एकावर एक थर साचत गेले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या थरांनी व्यापलेला आहे. भिवंडीहून नाशिकला जाताना कसारा घाटात डोंगरांच्या पायऱ्या दिसतात, त्या याच थरांच्या. मुलांना शंकू शोधायला लावले तर मिळणार नाही, आणि 'आपल्याकडे ज्वालामुखी नव्हताच' असे ती समजतील.

तिसरे वाक्य : 'लवकर थंड झाल्यास बारीक स्फटिक, सावकाश थंड झाल्यास मोठे.' हे वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. याच कसारा घाटाच्या परिसरातील काही थरांत बारीक कणांच्या काळ्या खडकात फेल्डस्पारचे कित्येक सेंटिमीटर लांबीचे स्फटिक आढळतात. एकाच दगडात दोन्ही कसे? तर मोठे स्फटिक शिलारस जमिनीखाली असतानाच वाढले, आणि उरलेला रस वर आल्यावर झटपट गोठला. एक दगड दोन टप्प्यांची हकीकत सांगतो. नियम पाठ करणाऱ्या मुलाला ती वाचता येणार नाही.

या चुकांचा परिणाम परीक्षेपुरता राहत नाही. भिवंडी तालुक्यातच वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी येथे गरम पाण्याचे झरे आहेत. पोटात शिलारसाचे तळे मानणारा विद्यार्थी 'खाली लाव्हा आहे' असे उत्तर देतो. वास्तविक पाणी भेगांतून खोलवर जाते, तिथल्या नेहमीच्या भूगर्भीय उष्णतेने तापते आणि वर येते. इथला शिलारस केव्हाच गोठला आहे. चुकीच्या चित्रातून निघालेले उत्तर मुलाला आयुष्यभर पटत राहते.

आमची सूचना साधी आहे. पुढच्या वेळी धडा शंकूच्या चित्राने सुरू करू नका. प्रत्येकाला रस्त्याकडेच्या ढिगातून एक खडा आणू द्या. चालू खाणीत मात्र मुलांना नेऊ नये. खडा धुऊन भिंगाखाली पाहा. कण दिसतात का? वायूचे बुडबुडे राहिलेल्या पोकळ्या आहेत का? त्यांत नंतर पांढरे झिओलाइट भरले आहे का? हा रस थराच्या वरच्या भागात गोठला असेल की मध्यभागी? उत्तरे मुलांनी द्यावीत. चित्र त्यानंतर काढावे, आणि त्या चित्रात हा खडा कुठे बसतो, ते प्रत्येकाने बाणाने दाखवावे.