रामेनच्या दुकानातली आधीची बाई

जपानी चित्रपट आणि रामेन असा विषय निघाला, की पहिले नाव येते ते जूझो इतामी यांच्या ‘ताम्पोपो’चे. नवऱ्यामागे एकटीने रामेनचे दुकान चालवणारी बाई, पावसाच्या रात्री तिच्या दुकानात शिरलेले दोन ट्रकवाले, आणि तिच्या रश्शाला चव यावी म्हणून एकामागून एक जमा होत गेलेले पुरुष. १९८५ सालच्या या चित्रपटाची कीर्ती रास्त आहे. तो खट्याळ आहे, भुकेला आहे आणि कुठेही कंटाळवाणा होत नाही. माझी तक्रार चित्रपटाविषयी नाही. त्याच्या चष्म्यातून रामेनच्या दुकानाकडे पाहायची जी सवय आपल्याला लागली, तिच्याविषयी आहे. ताम्पोपोच्या तेवीस वर्षे आधी यासुजिरो ओझूंच्या शेवटच्या चित्रपटात असेच एक साधे दुकान येऊन गेले होते आणि त्यातही एक एकटी बाई होती. तिच्याविषयी फारसे कुणी बोलत नाही. आपल्या फिल्म सोसायट्यांनी ओझू दाखवला, पण चर्चा बहुधा ‘टोकियो स्टोरी’पाशी थांबली.

आधी या दुकानाविषयी थोडे सांगायला हवे, कारण चित्रपटांचे अर्थ त्याच्या व्यवहारातच दडलेले आहेत. रामेन हे मुळात चिनी खाणे. योकोहामासारख्या बंदरांतल्या चिनी वस्तीतून ते जपानी पोटात शिरले. टोकियोच्या आसाकुसा भागात १९१० साली निघालेल्या ‘राइराइकेन’चे नाव या इतिहासात नेहमी घेतले जाते. मालक ओझाकी कानइची हे कस्टम खात्यातले माजी अधिकारी, आणि आचारी योकोहामाहून आणलेले चिनी. तेव्हा या पदार्थाला ‘शिना सोबा’ म्हणत, म्हणजे चिनी शेवया. महायुद्धानंतर ‘शिना’ या शब्दाला चढलेला साम्राज्याचा वास नकोसा झाला आणि ‘चूका सोबा’ हे नाव आले. पुढे १९५८ मध्ये मोमोफुकु आंदो यांनी झटपट शिजणारे ‘चिकन रामेन’ बाजारात आणले, त्यानंतर ‘रामेन’ हेच नाव घराघरात पक्के झाले.

दुकान चालते ते वेगावर. वाडग्याच्या तळाशी सोया सॉस, मीठ किंवा मिसो यांचे मुरवलेले दाट मिश्रण, त्यावर उकळता रस्सा, त्यात नुकत्या उकडलेल्या शेवया. शेवयांच्या पिठात क्षारयुक्त पाणी असते, म्हणून त्या पिवळसर आणि चिवट होतात. वर डुकराच्या मांसाचे एकदोन काप, आंबवलेले बांबूचे कोंब, कांद्याची पात. गिऱ्हाइकासमोर हे सगळे दोनचार मिनिटांत उरकते आणि गिऱ्हाईकही लगेच खाऊन उठते, कारण शेवया रश्शात फुगत असतात. काउंटरपाशी आठदहा स्टुले, पुढचा माणूस मागे उभा. जेवताना आवाज करणे आपल्याकडे अडाणीपणाचे. तिथे भुरके मारत खाणे हीच रीत, कारण वाफाळलेली शेवई दुसऱ्या कुठल्या प्रकारे तोंडात जाणार? पण हे दोनचार मिनिटांचे काम शक्य होते ते पहाटेपासून हाडे उकळत बसल्यामुळे. वाडगा स्वस्त असतो याचा एक अर्थ असा, की कुणीतरी आपले तास स्वस्तात विकत असते.

ओझूंना हे तास दिसत होते. ‘एकुलता एक मुलगा’ हा त्यांचा पहिला बोलपट १९३६ चा. रेशमाच्या गिरणीत राबून, होते नव्हते ते विकून एका विधवेने मुलाला शिकवलेले असते. मास्तरांनीच तसा आग्रह धरलेला. म्हातारपणी ती त्याला भेटायला टोकियोला येते तेव्हा तो रात्रशाळेत शिकवत असतो, शहराच्या कडेला राहत असतो आणि आईची सरबराई करायला त्याला उसने पैसे काढावे लागतात. ते पैसे संपत आल्यावर तो तिला हातगाडीवरच्या चिनी शेवया खाऊ घालतो. याचा रस्सा चवदार असतो, पिऊन बघ, असे काहीसे तो तिला सांगतो. या आग्रहात प्रेम आहे आणि शरमही आहे, आणि ओझू दोन्ही वेगळी काढून दाखवत नाहीत. त्याच चित्रपटात, आग्रह धरणारे ते मास्तरही टोकियोत भेटतात. मोठी स्वप्ने घेऊन आलेला हा माणूस आता तोनकात्सु, म्हणजे डुकराच्या मांसाचे काप तळून विकतो. शिक्षण, कर्ज आणि स्वस्त खाणे यांचा ओझूंनी बांधलेला हा पहिला हिशेब.

१९५२ च्या ‘ग्रीन टी ओव्हर राइस’मध्ये सूर हलका आहे. ठरवून केलेल्या लग्नाला नकार देणारी एक श्रीमंत घरची मुलगी एका तरुणाबरोबर रात्री रामेन खाते. असल्या गोष्टी नुसत्या चवदार असून भागत नाही, त्या स्वस्तही हव्यात, अशा अर्थाचे तो तिला समजावतो. युद्ध हरून सात वर्षे झालेल्या देशातले हे वाक्य आहे. अमेरिकेहून आलेल्या गव्हावर आणि काळ्या बाजारातल्या टपऱ्यांवर रामेन पुन्हा उभे राहिले, तो काळ नुकताच सरला होता. मला हे वाक्य रामेनच्या सौंदर्यशास्त्राचे पहिले सूत्र वाटते. स्वस्तपणा ही इथे चवीची अट आहे. महाग झाले तर तो पदार्थ तसाच लागेल, पण ते खाणे तेच राहणार नाही.

आणि मग १९६२. चित्रपटाचे जपानी नाव ‘सान्मा नो आजी’, म्हणजे सान्मा माशाची चव. चित्रपटात सान्मा कुठेच नाही. मासा आहे तो दुसरा. शाळेतले जुने विद्यार्थी, आता कंपन्यांतले साहेब, आपल्या म्हाताऱ्या मास्तरांना मेजवानी देतात. मास्तरांचे टोपणनाव ‘भोपळा’. ताटात हामो नावाचा उंची मासा येतो. मास्तरांनी तो ओळखलेला नसतो, पण नाव कळताच ते त्याचे चित्राक्षर सांगतात : ‘मासा’ या चिन्हाला जोडून ‘समृद्ध’. अक्षर माहीत आहे, चव माहीत नाही. मास्तर शाळेत अभिजात चिनी शिकवत असत. आणि आता ते एका साध्या वस्तीत चिनी शेवयांचे दुकान चालवतात. ज्या संस्कृतीच्या ग्रंथांनी त्यांना प्रतिष्ठा दिली, तिच्याच शेवयांवर म्हातारपणी पोट भरावे लागले. ओझू यावर एक शब्दही बोलत नाहीत. दुसऱ्या कुणा दिग्दर्शकाने यातून चुरचुरीत संवाद काढला असता.

झिंगलेल्या मास्तरांना विद्यार्थी घरी पोचवतात तेव्हा आपल्याला ते दुकान आणि त्यांची मुलगी दिसते. हारुको सुगिमुरा यांनी केलेली ही भूमिका काही मिनिटांची आहे. प्रौढ वय, लग्न झालेले नाही, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठी आणलेले सौजन्य आणि त्याखालचा संताप. पाहुणे जातात. बाप झोपेत. ती बसते आणि रडते. पुढे मास्तर स्वतःच कबूल करतात, की बायकोमागे त्यांनी मुलीला सोयीसारखे वापरून घेतले. हे ऐकून नायक हिरायामा घाबरतो आणि आपल्या चोवीस वर्षांच्या मुलीच्या लग्नाच्या मागे लागतो. चित्रपटाच्या कथेत दुकानाचे काम एवढेच : धोक्याची पाटी. विद्यार्थी वर्गणी काढून मास्तरांना पैसे देतात, हिरायामा ते पोचवायला दुकानात येतो. तिथेच त्याला नौदलातला जुना सहकारी भेटतो आणि दोघे दारू प्यायला निघून जातात. युद्ध जिंकलो असतो तर, अशा गप्पा मारायला त्यांना बार लागतो. दुकानातली बाई दुकानातच राहते.

हिरायामाच्या मुलीचे लग्न होते, तो एकटा पडतो, आणि समीक्षा त्याच्या एकाकीपणावर हळहळते. हिरायामाची भूमिका करणारे चिशू र्‍यू स्वयंपाकघरात बसतात तो शेवटचा प्रसंग थोर आहे, याबद्दल वाद नाही. पण मास्तरांच्या मुलीच्या एकाकीपणाची किंमत देऊन हिरायामाला हे शहाणपण मिळालेले असते, हे चित्रपट विसरलेला नाही. विसरलो आपण.

इतामी यांनी हा धागा जाणूनबुजून उचलला असा माझा दावा नाही. पण ‘ताम्पोपो’ या दृश्यानंतर पाहिला, की तो एका प्रश्नाचे उत्तर वाटू लागतो : शेवयांच्या दुकानात अडकलेल्या बाईच्या मदतीला कुणी आले असते तर? इथे पाच पुरुष येतात. गोरो तिला व्यायाम करायला लावतो, आत आलेल्या गिऱ्हाइकांची मागणी न विसरता लक्षात ठेवायला शिकवतो. रश्शासाठी फिरस्त्यांच्या टोळक्यातला एक वृद्ध गुरू मिळतो, जो एकेकाळी डॉक्टर होता. म्हणजे इथेही पडझड झालेला एक मास्तर आहेच. फरक असा, की ओझूंच्या मास्तरांना विद्या असून दुकान चालवता येत नाही, आणि इतामींच्या मास्तराची विद्याच रामेनची आहे. शेवटच्या परीक्षेत पाचही जण वाडगे तोंडाला लावून रस्सा तळापर्यंत पितात आणि ताम्पोपो त्यांच्याकडे पाहत राहते. चित्रपटातला सर्वांत तणावाचा क्षण म्हणजे रिकामे होत जाणारे वाडगे. याला कसब म्हणतात.

मात्र दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली पाटीची. ताम्पोपोच्या दुकानाचे आधीचे नाव असते ‘राइराइकेन’. आसाकुसातल्या त्या जुन्या दुकानाचे नाव पुढे गावोगावच्या चिनी शेवयांच्या दुकानांनी घेतले होते. आपल्याकडे प्रत्येक गावात एक ‘विश्रांती गृह’ असावे, तसे. दुकान सुधारते तेव्हा ही पाटी जाते आणि मालकिणीचे नाव लागते, ताम्पोपो, म्हणजे डँडेलियनचे फूल. बाईला स्वतःचे नाव मिळाले हा आनंद खराच. पण त्याच वेळी कुणाचेही असू शकणारे, चिनी ओळख सांगणारे दुकान एका कलावंताचे झाले. पुढच्या दशकांत जपानी रामेनची वाट हीच झाली.

दुसरी गोष्ट किमतीची. रस्सा, शेवया, मांसाचे काप यांच्यावर इतके बोलणारा हा चित्रपट ते स्वस्त असण्याला चवीत कुठेच धरत नाही. १९५२ मधल्या त्या तरुणाची अट इथे गळून पडते आणि तिची जागा कौशल्य घेते. सुरुवातीला एक म्हातारा तरुण शिष्याला रामेन कसे खावे हे शिकवतो : आधी वाडग्याकडे पाहा, काड्यांनी हळुवार स्पर्श कर, मांसाच्या कापाची क्षमा माग. हा प्रसंग मुळात ट्रकमध्ये मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या एका पुस्तकातला आहे, आणि त्यातली थट्टा उघड आहे. पुढे रामेनभक्तांनी तिचे कर्मकांड केले.

सेवेची किंमत इतामी यांना ठाऊक नव्हती असे मुळीच नाही. ‘ताम्पोपो’च्या मधोमध एक स्वतंत्र तुकडा आहे. मरणपंथाला लागलेल्या बायकोला नवरा ओरडून सांगतो, ऊठ, स्वयंपाक कर. ती उठते, परतलेला भात करून सगळ्यांना वाढते आणि तिथेच मरते. नवरा रडत मुलांना सांगतो, गरम आहे तोवर खा, आईच्या हातचे शेवटचे आहे. लोक या प्रसंगावर हसतात, मग थबकतात. मला हा तुकडा चित्रपटाने स्वतःवरच घेतलेला आक्षेप वाटतो. मुख्य कथेत राबण्याचे रूपांतर विजयात होते, इथे ते मरणापर्यंत राबणेच राहते. दोन्ही एकाच चित्रपटात ठेवण्याइतके इतामी प्रामाणिक होते.

१९९४ मध्ये शिन-योकोहामात रामेनचे संग्रहालय उघडले, आणि तिथे जुन्या वस्तीचा देखावा उभारला तो १९५८ सालचा. टोकियोतल्या ‘त्सुता’ या छोट्या दुकानाला २०१५ च्या डिसेंबरमध्ये मिशलिनचा तारा जाहीर झाला. रामेनच्या दुकानाला मिळालेला तो पहिलाच. आता जपानी दुकानदारांमध्ये ‘हजार येनची भिंत’ हा शब्दप्रयोग चालतो : वाडग्याची किंमत त्यापुढे गेली, की गिऱ्हाईक बिथरते. पीठ, मांस, वीज सगळे महाग झाले तरी दुकानदार त्या आकड्यापाशी घुटमळतो. गिऱ्हाइकाला रामेन ताम्पोपोच्या तोलाचे हवे असते आणि भाव मात्र १९५२ च्या त्या तरुणाच्या अटीतला. मधला फरक मालक आपल्या झोपेतून भरून काढतो. म्हणून अशा दुकानांवरच्या कौतुकाच्या लेखनात रश्शाला किती तास लागले हे असते, पण ते तास कुणाचे होते याचा उल्लेख आला की मी जरा सावरून वाचतो.

ओझूंच्या दुकानात रस्सा कसा होता हे आपल्याला कधीच कळत नाही. कॅमेरा वाडग्यात डोकावत नाही. कुणी वाडगा तळापर्यंत पीत नाही आणि कुणी त्या बाईकडे मान वर करून दादही देत नाही. पाहुणे गेल्यावर ती तिथेच बसते, बाप झोपलेला असतो, आणि उद्या सकाळी तिला पुन्हा हाडे उकळायला ठेवायची असतात.