एकाच दारातून

बोस्टनचे गव्हर्नमेंट सेंटर हे भुयारी स्टेशन 1898 चे; तेव्हाचे नाव स्कॉले स्क्वेअर. जुन्या बांधणीत चाकाच्या खुर्चीला खाली जायला वाटच नाही. मार्च 2014 मध्ये ते बंद केले, ते दोन वर्षांनी उघडले. आता वर काचेचे उंच घर, आत सरकते जिने आणि लिफ्ट. खालच्या फलाटावर 'स्कॉले अंडर' ही जुनी अक्षरे मात्र जपलीत. माझ्या मते हे छान झाले.

या काचघरामुळे ओल्ड नॉर्थ चर्चचा मनोरा झाकला गेला, अशी ओरड झाली. ती काही खोटी नाही. जरा बुटके बांधता आले असते की! पण लिफ्ट कुठल्या कोपऱ्यात न टाकता सगळ्यांच्याच दारात ठेवली, म्हणून मी बाकीचे माफ करते. कारण सांगते. श्रवणबेळगोळला विंध्यगिरी चढायला आम्ही सासूबाईंना डोलीत बसवायचो. "चौघांच्या खांद्यावर आत्ताच कशाला गं?" त्या म्हणायच्या. बाहुबलींचे दर्शन व्हायचे, पण वाटेत येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे त्या मान वर करून बघायच्या नाहीत.

लिफ्टचे बटण त्यांनी स्वतःच दाबले असते.