पद्धत चोख, निष्कर्ष कच्चा: ट्रकचा सायलेन्सर घरी बदलण्याची कृती वाचताना

शोधनिबंध कसा वाचायचा हे शिकवताना आपण सहसा शोधनिबंधच समोर ठेवतो. आज जरा वेगळं करू. अमेरिकेत एक लेखनप्रकार भरपूर चालतो: आपल्या पिकअप ट्रकचा कंपनीने दिलेला सायलेन्सर काढून बाजारातला दुसरा घरच्या घरी कसा बसवायचा, याची कृती. ट्रक म्हणजे इथे दहाचाकी मालट्रक नाही. फोर्ड एफ-१५० किंवा शेव्हरोले सिल्व्हराडोसारखी, मागे उघडा हौदा असलेली गाडी. किटसोबत येणाऱ्या पुस्तिका, मोटारींच्या मासिकांतले लेख अशा सगळ्यांतून या प्रकाराचा एक साचा तयार झाला आहे. आधी साहित्य आणि हत्यारं, मग पायऱ्या, आणि शेवटी ‘काय फरक पडला’. बघा, हा जवळपास आपल्या प्रबंधाचाच साचा आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या लेखनातला पद्धतीचा भाग बऱ्याचदा उत्तम असतो आणि निष्कर्षाचा भाग कच्चा. पण पद्धत इतकी चोख लिहिलेली असते की तिच्या जोरावर निष्कर्षही खपून जातो. संशोधनात येऊ पाहणाऱ्यांनी हे नीट ओळखायला शिकलं पाहिजे, कारण प्रबंधांतही हेच घडतं.

आधी चांगलं काय ते

इंजिनातला धूर मॅनिफोल्डमधून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, तिथून सायलेन्सरमध्ये आणि शेवटच्या नळीतून बाहेर जातो. घरी बसवायचं किट बहुधा ‘कॅट-बॅक’ असतं, म्हणजे कन्व्हर्टरच्या मागचा सगळा भाग बदलायचा आणि कन्व्हर्टरला हात लावायचा नाही.

चांगली कृती काय सांगते ते पाहा. गाडी पूर्ण थंड होऊ द्या. सपाट जमिनीवर, चाकांना ठोकळे लावून, जॅकवर विसंबून न राहता स्टँडवर उभी करा. गंजलेल्या नटबोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारा. पाइप ज्या रबरांवर टांगलेला असतो ती साबणाच्या पाण्याने सरकतात. जुना पाइप मागच्या ॲक्सलवरून वळून गेलेला असतो, त्यामुळे अखंड निघत नाही आणि कापावा लागतो. कापण्याआधी नव्या पाइपचं माप जुळवून बघा, कारण कापलेलं परत जोडता येत नाही.

पुढची पायरी मला सगळ्यात आवडते. नवे सगळे भाग आधी सैलच जोडायचे. पाइप कुठे चासीला किंवा ब्रेकच्या नळीला टेकतोय का ते पाहायचं आणि मगच पुढून मागे एकेक क्लॅम्प आवळत जायचं. पहिला जोड आधीच घट्ट केला तर त्यातली छोटीशी तिरकी पुढच्या प्रत्येक जोडात वाढत जाते. मग गॅरेजचं दार सताड उघडून इंजिन सुरू करायचं, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जोडांपाशी फुसफुस ऐकू येते का ते तपासायचं. सुरुवातीला थोडा धूर दिसेल, तो नव्या पाइपवरचं तेल जळल्याचा असतो. ५०-१०० मैल चालवून झाल्यावर क्लॅम्प पुन्हा आवळायचे.

इथे प्रत्येक पायरीला कारण आहे. काय बिघडू शकतं, बिघडलं तर कसं कळेल आणि काय दिसलं तर घाबरायचं नाही, हेही आहे. दुसरा माणूस हे वाचून तेच काम करू शकतो. कित्येक प्रबंधांच्या तिसऱ्या प्रकरणात एवढं नसतं.

मग शेवटचा परिच्छेद येतो

‘गाडी मोकळी झाली. ताकद वाढली. पाय दाबला की लगेच जाणवतं.’ आता मागे जाऊन पायऱ्या पुन्हा वाचा. ताकद मोजण्याची एकही पायरी तिथे नाही. ती सगळी पद्धत ‘पाइप नीट बसतो का आणि गळत नाही ना?’ या प्रश्नाचं उत्तर देते. निष्कर्ष मात्र दुसऱ्याच प्रश्नाचा आहे.

मग ताकद मोजली कशाने? कानाने आणि सीटवर बसलेल्या पाठीने. अडचण अशी की बदल नेमका आवाजातच केलेला आहे. ज्या कानाने मोजायचं, त्याच्यासमोरची खूणच आपण बदलली. शिवाय मोजणाऱ्याने पैसे खर्च केलेत आणि सुट्टीचा दिवस गाडीखाली झोपून काढलाय. नवा पाइप बसलाय की नाही हे त्याच्यापासून लपवणं शक्यच नाही.

काही जण डायनोचे आकडे देतात, म्हणजे गाडीची चाकं रुळांवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्राचे. हे नक्कीच बरं. पण तीच गाडी, काहीही न बदलता, लागोपाठ दोनदा चालवली तरी आकडा थोडा हलतो. हवेचं तापमान, दाब, इंजिन किती तापलंय, टायर, सगळ्याचा परिणाम होतो. म्हणून तर एसएई जे१३४९ या मानकात आकडे २५ अंश सेल्सिअस आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेच्या स्थितीला आणून ठेवतात. दावा केलेली वाढ या नेहमीच्या हलण्याएवढीच असेल, तर आधी एकदा आणि नंतर एकदा मोजून काहीच सिद्ध होत नाही. आधी पाचदा, नंतर पाचदा मोजलं असतं तर बोलता आलं असतं.

स्पष्टीकरणाचीही तीच गत. एक म्हणतो, उलटा दाब कमी झाला म्हणून ताकद वाढली. दुसऱ्याची ताकद घटली, तर तो म्हणतो, इंजिनाला थोडा उलटा दाब लागतोच. निकाल काहीही आला तरी स्पष्टीकरण तयार! प्रत्यक्षात उलटा दाब हा तोटाच असतो. पण नळी गरजेपेक्षा रुंद केली की वायूचा वेग पडतो आणि आधीच्या झोताने पुढचा धूर ओढून घेण्याचा फायदा कमी होतो. आणि अडथळा मुळात कन्व्हर्टर किंवा मॅनिफोल्डमध्ये असेल, तर कॅट-बॅकने त्याला स्पर्शही केलेला नसतो.

याच लेखनातलं एक चांगलं उदाहरण

नवा सायलेन्सर बसवला की ठरावीक वेगाला केबिन घुमायला लागते. या घुमण्यावर लिहिणारे काही हौशी लोक फार छान काम करतात. चार-स्ट्रोक व्ही-८ इंजिनात दर फेऱ्याला ४ स्फोट होतात. मिनिटाला १८०० फेरे म्हणजे सेकंदाला ३०, म्हणजे १२० हर्ट्झ. घुमणं याचंच असेल तर गिअर कुठलाही असो, ते १८०० फेऱ्यांपाशीच आलं पाहिजे. शिवाय एक टोक बंद असलेली, तरंगलांबीच्या पाव लांबीची नळी बाजूला जोडली की ते दबलं पाहिजे. गरम धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला ४५० मीटर धरला तर ही लांबी सुमारे ९४ सेंटिमीटर येते. नळी लावा, बघा. नाही दबलं तर गृहीतक किंवा धरलेला वेग, दोन्हींपैकी काहीतरी चुकलं. इथे दाव्याला चुकायला जागा आहे, म्हणून तो ऐकण्यासारखा आहे.

चौकटीबाहेर काय राहिलं

‘काय फरक पडला’ या परिच्छेदात शेजारी नसतो, हवाही नसते. कॅट-बॅकपुरतं हा मुख्यतः आवाजाचा प्रश्न आहे. बुलेटचे जप्त केलेले सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याच्या बातम्या आपणही वाचल्या आहेत. पण डिझेल पिकअपमध्ये काही जण प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणाच काढून टाकतात. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यात हे बेकायदा आहे. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नोव्हेंबर २०२० च्या अहवालानुसार, सुमारे दशकभरात साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपमधून अशी यंत्रणा काढली गेली. त्या गाड्यांच्या आयुष्यभरात त्यामुळे ५,७०,००० टनांहून अधिक जादा नायट्रोजन ऑक्साइड हवेत जाईल असा अंदाज तिथे आहे. तिथे सॉफ्टवेअरही बदलतात, त्यामुळे ताकद खरोखर वाढतेही. म्हणजे निष्कर्ष बरोबर असूनही, काय मोजायचं हे ठरवतानाच महत्त्वाची गोष्ट गाळलेली असू शकते.

कुणी म्हणेल, हौशी माणसाकडून प्रयोगशाळेची अपेक्षा कशाला? अजिबात नाही. त्याने एवढंच लिहावं: ‘नीट बसला, गळत नाही, आवाज मला आवडला.’ या तिन्हींचा पुरावा त्याच्याकडे आहे. दावा छोटा केला की लेख एकदम भक्कम होतो.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. एखादा विद्यार्थी २०० शेतकरी कसे निवडले, प्रश्नावली कशी तपासली, हे वीस पानं सुंदर लिहितो. कोण ठिबक वापरतो, हे त्यातून कळतं. शेवटी मात्र तो लिहितो, ‘ठिबकमुळे उत्पन्न वाढतं.’ मार्गदर्शकही वीस पानं वाचून खूश झालेले असतात.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. आपल्या विषयातला एक शोधनिबंध घ्या. फक्त पद्धतीचा भाग वाचून, ही पद्धत कोणत्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकते, ते एका वाक्यात लिहा. मग निष्कर्ष उघडा आणि तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय ते दुसऱ्या वाक्यात लिहा. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून वाचा. मग हेच आपल्या स्वतःच्या आराखड्याचं करा, मुलाखतीला जायच्या आधी.