चित्रवहीची साक्ष

एखादा समाज आपल्या मुलांकडून काय अपेक्षितो, हे त्याच्या व्यासपीठावरील भाषणांपेक्षा त्याच्या परीक्षांच्या नियमांत अधिक स्पष्टपणे वाचावयास मिळते. म्हणून एखाद्या ग्रंथाची चिकित्सा करावी तशी एखाद्या अभ्यासक्रमाचीही करण्यास प्रत्यवाय नसावा. इंग्लंडमधील ए-लेव्हलचा ‘आर्ट अँड डिझाईन’ हा अभ्यासक्रम अशा चिकित्सेस पात्र आहे, असे आम्हांस वाटते.

सोळा ते अठरा या वयातील शालेय शिक्षणाच्या अखेरच्या दोन वर्षांना तेथे ‘सिक्स्थ फॉर्म’ म्हणतात. आपल्याकडील अकरावी-बारावीचे हे वय. विद्यार्थी बहुधा तीनच विषय निवडतो आणि त्यांची सांगड त्याने स्वतः घालावयाची असते. त्यामुळे भौतिकशास्त्र, इतिहास आणि चित्रकला हे तीन विषय एकाच मुलीच्या दप्तरात नांदू शकतात. विज्ञान, वाणिज्य आणि कला अशा तीन बंद दारांपुढे मुलांना उभे करणाऱ्या आपल्या व्यवस्थेच्या पार्श्वभूमीवर ही गोष्ट लहान नव्हे.

या विषयाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागाला 60 टक्के गुण. त्यात विद्यार्थ्याने स्वतः एक विषय निवडून त्याचा दीर्घकाळ शोध घ्यावयाचा असतो. रेखाटने, माध्यमांचे प्रयोग, इतर कलावंतांच्या कामाचा अभ्यास आणि त्यांच्या जोडीला लेखन, ए.क्यू.ए. या परीक्षामंडळाच्या नियमानुसार हे लेखन 1000 ते 3000 शब्दांचे असावे लागते. दुसऱ्या भागाला 40 टक्के. त्याची प्रश्नपत्रिका 1 फेब्रुवारीपासून हाती देता येते. मग तयारीचा काळ, आणि शेवटी देखरेखीखाली 15 तासांचे काम.

गुणदानाच्या कसोट्या चार आहेत: इतरांचे काम अभ्यासून कल्पना विकसित करणे, साधने व माध्यमे पारखणे, निरीक्षणे नोंदविणे आणि अखेरीस स्वतःचे अर्थपूर्ण काम सादर करणे. चारही कसोट्यांना जवळजवळ समान वजन आहे. याचा अर्थ असा की, पूर्ण झालेल्या चित्राशी थेट संबंध असलेली कसोटी एकच. उरलेल्या तीन कसोट्या त्या चित्रापर्यंतची वाट तपासतात. तयार चित्राइतकीच त्यामागची चित्रवही महत्त्वाची मानावी, ही या अभ्यासक्रमाची मूळ भूमिका आहे आणि तीच त्याची थोरवी आहे. खोडलेली रेष, फसलेला रंग, अर्ध्यावर सोडलेली कल्पना यांना येथे साक्षीदाराचा मान मिळतो.

परंतु आमचा मुख्य आक्षेपही येथेच आहे. वाटेला गुण मिळू लागले की वाट सजविण्याचा मोह होतो. शेवटचे चित्र आधीच ठरवून त्यामागचे ‘प्रयोग’ नंतर रचता येतात. चहाच्या पाण्याने कागद जुनाट करून त्यावर एखाद्या नामवंत चित्रकाराची नक्कल चिकटविता येते आणि खाली चार ओळींचे चरित्र लिहिता येते. मग जी चित्रवही शोधाची साक्ष देण्यासाठी होती, तीच परीक्षकासाठी मांडलेला देखावा बनते. कबुली पाठ करून म्हटली तर ती कबुली राहत नाही. चित्रवहीचेही तसेच आहे. या धोक्यावर अभ्यासक्रमाने एक उपाय योजिला आहे, तो म्हणजे पहिले गुणदान वर्गशिक्षकाकडे सोपवून बाहेरच्या तपासनीसाने ते पडताळणे. मुलाला रोज काम करताना पाहणाऱ्यास खरी खोड आणि रचलेली खोड यांतला भेद कळू शकतो. मात्र हा उपाय शिक्षकाच्या सचोटीइतकाच भक्कम आहे.

आपल्याकडील तुलना अपरिहार्य आहे. 1857 साली मुंबईत सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली, त्या काळच्या इंग्रजी चित्रशिक्षणात नक्कल, भूमिती आणि अलंकरण यांवर भर होता. महाराष्ट्रातील एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांतील वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन या विषयांत त्या परंपरेची खूण आजही दिसते. ठरलेल्या तासांत कागद भरावयाचा. तेथवर मूल कसे पोहोचले हे कोणी विचारीत नाही. तथापि समोर ठेवलेला तांब्या काढताना हाताला खोटे बोलता येत नाही, हा या परीक्षेचा गुण आम्ही मान्य करतो. इंग्लंडच्या अभ्यासक्रमातील 15 तास हे याच सचोटीसाठी राखले असावेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चित्रकार डेव्हिड हॉकनी ब्रॅडफर्डच्या ज्या शाळेत शिकला, तेथे हुशार मुलांना चित्रकला घेता येत नसे. म्हणून त्याने मुद्दाम अभ्यासात मागे राहून खालची तुकडी पत्करली. 1953 साली, सोळाव्या वर्षी, तो ब्रॅडफर्डच्या कलाशाळेत दाखल झाला. चित्रकला इतर विषयांच्या पंक्तीस बसविणारी ए-लेव्हल त्याआधी, 1951 सालीच, सुरू झाली होती. तरीही जुना ग्रह पुसला गेला नाही. 2010 साली तेथील सरकारने शाळांच्या मोजमापासाठी ‘इंग्लिश बॅकलॉरिएट’ ही विषयसूची पुढे आणली, तेव्हा तीत चित्रकलेला जागा नव्हती.

हा ग्रह आपल्याही घरांत आहे. मुलगी चित्रकला घेते म्हटले की ‘पुढे काय?’ हा प्रश्न येतोच, आणि तो अयोग्य नाही. इंग्लंडमध्ये त्यास पुष्कळदा एक वर्षाचा फाउंडेशन अभ्यासक्रम व नंतर पदवी असे उत्तर दिले जाते. परंतु त्या प्रश्नाआधी आणखी एक प्रश्न विचारावयास हवा: या मुलीला पाहावयाचे कसे, हे शिकविले जात आहे काय? त्याचे उत्तर भिंतीवर टांगलेल्या चित्रात सापडेलच असे नाही. पालकांनी तिची वही मागावी, सुंदर पाने उलटून खोडलेल्या पानापाशी थांबावे आणि ते का खोडले, एवढेच विचारावे. तिच्यापाशी उत्तर असेल, तर अभ्यासक्रम कोणत्याही देशाचा असो, तिचे शिक्षण होत आहे.