व्यासपीठावरच्या पाच खुर्च्या

आपल्या मंडळाच्या कार्यक्रम समितीवर ज्यांनी कधी काम केले आहे, त्यांना परिसंवाद म्हणजे काय हे सांगायला नको. नाटकाला तालमी लागतात, व्याख्यानाला निदान व्याख्यात्याची तयारी लागते. परिसंवादाला पाच खुर्च्या, एक सूत्रसंचालक आणि ‘पुढील दिशा’ या शब्दांनी संपणारा विषय पुरतो. ओपन सोर्स सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या परिषदा या बाबतीत शहाण्या असतील, अशी माझी समजूत होती. सगळे उघड्यावर करायचे आणि माणूस न बघता कोड बघून बरेवाईट ठरवायचे, ही त्यांची रीत. पण परिसंवाद निवडताना तेथेही आपलेच अधिवेशन भेटते.

एकट्याच्या भाषणाची निवड या मंडळींनी पुष्कळ सुधारली, हे आधी मान्य केले पाहिजे. २०१२ साली बर्लिनच्या जेएसकॉन ईयू परिषदेने प्रस्तावांवरची नावे झाकून निवड केली आणि स्त्रियांनी प्रस्ताव पाठवावेत म्हणून मुद्दाम आग्रहही केला. वक्त्यांत सुमारे चौथा हिस्सा स्त्रिया आल्या. ज्यांचे आडनाव पहिल्या प्रयत्नात कोणाला उच्चारता येत नाही, अशा आपल्यासारख्यांना या पडद्याचे मोल वेगळे सांगायला नको.

अडचण अशी, की परिसंवादावर हा पडदा टाकता येत नाही. भाषणाचा प्रस्ताव म्हणजे मुद्दे. परिसंवादाचा प्रस्ताव म्हणजे माणसे. नावे झाकली तर मागे ‘ओपन सोर्सचे भवितव्य’ एवढा मथळा उरतो, आणि तो कोणाच्याही नावावर खपेल. म्हणून नावे उघडी ठेवतात, आणि मग अमक्या कंपनीचा उपाध्यक्ष व तमक्या फाउंडेशनचा संचालक आपोआप वर सरकतात. समिती लबाड असते असे नाही. शेकडो प्रस्ताव वाचून थकलेल्या माणसाला ओळखीचे नाव म्हणजे विसावा वाटतो. लोकांची मते घेऊनही हे सुटत नाही. ऑस्टिनच्या साउथ बाय साउथवेस्टमध्ये (ती केवळ ओपन सोर्सची परिषद नव्हे) निवडीत लोकांच्या मतांना बरीच वर्षे तीस टक्के वजन होते. अशा ठिकाणी ज्याचा गोतावळा मोठा त्याची सरशी होते. निवडणुकीच्या दिवशी गाड्या भरून मतदार आणणारे कार्यकर्ते आपणही पाहिले आहेत!

यात नुकसान कोणाचे होते? मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लहानशा पण सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पात चोरदरवाजा सापडला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने पाठपुरावा केला म्हणून तो उघडकीस आला. हा प्रकल्प वर्षानुवर्षे जवळजवळ एकच माणूस बिनपगारी सांभाळत होता. अशा एकांड्या माणसांचे ओझे हा परिसंवादाचा आवडता विषय आहे, पण खुर्च्यांवर बसतात ते बहुधा पगारी. एकांड्याला प्रवासखर्च कोण देणार? आणि दिला तरी व्हिसा आहेच. एकट्या वक्त्याला व्हिसा नाकारला तर भाषण रद्द होते, निदान हळहळ तरी होते. चौघांपैकी एकाला नाकारला तर परिसंवाद तिघांत सुरळीत पार पडतो. न आलेला पुष्कळदा तोच असतो, ज्याचे म्हणणे बाकीच्यांहून वेगळे होते.

माझ्या मते समितीने परिसंवादाकडे एकच गोष्ट मागावी: या माणसांचे नेमके कशावर पटत नाही, ते चार ओळींत लिहा. ऑगस्ट २०२३ मध्ये हाशीकॉर्पने टेराफॉर्मचा परवाना बदलला आणि त्यातून ओपनटोफू वेगळा निघाला. त्या भांडणातले दोन्ही पक्ष एका टेबलाशी बसणार असतील, तर तासभर द्यावा. नुसते ‘परवान्यांची आव्हाने’ असेल, तर त्या वेळात चहा बरा. २००८ साली सुरू झालेली लिनक्स प्लंबर्स परिषद याच्या जवळ जाते. तेथे चर्चासत्र मागणाऱ्याने कोणते प्रश्न अडले आहेत आणि ते सोडवायला कोण हजर लागतील, हे सांगायचे असते. मागच्या चर्चेतून काय निष्पन्न झाले, हेही विचारतात. ही पद्धत जाणत्यांसाठी आहे, मागच्या रांगेतल्या नवख्याला फारसे कळत नाही, हा तिचा दोष. पण पाच जणांनी एकमेकांना दुजोरा देत बसण्यापेक्षा तो दोष परवडला.

हे मी बाहेरून बोलत नाही. एका परिषदेच्या निवड समितीवर मी होतो. एका परिसंवादाला मी पैकीच्या पैकी गुण दिले, कारण त्यातल्या एका गृहस्थाचे पुस्तक माझ्या कपाटात होते. तो झाला तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. पन्नास मिनिटांत चौघांपैकी कोणी कोणाला ‘नाही’ म्हटले नाही. त्याच तासासाठी दुसरा एक प्रस्ताव आला होता. दोन अनोळखी प्रोग्रामर, एका नाकारलेल्या पॅचवरून सहा महिने भांडलेले. आम्हाला हे सर्वांसमोर बोलायचे आहे, असे त्यांनी लिहिले होते. त्याला मी पाचपैकी दोन गुण दिले होते, आणि शेऱ्यात लिहिले होते, ‘वक्ते परिचित नाहीत’.