चाल आणि स्वरलिपी

जुन्या मराठी पदसंग्रहांत अनेक पदांच्या माथ्यावर ‘चाल : अमुक पदाप्रमाणे’ एवढाच निर्देश आढळतो. हा निर्देश सर्वस्वी गाणाऱ्याच्या स्मरणावर विसंबलेला असतो. ते मूळ पद विस्मृतीत गेले की निर्देश मुका होतो. शब्द राहतात, चाल लोपते. ना. वा. टिळकांनी (मृत्यू १९१९) ख्रिस्ती भजनास अभंगाचे वळण दिले. असा वारसा पुढील पिढीस केवळ शब्दरूपाने देणे म्हणजे तो अर्धाच देणे होय. म्हणून स्वरलिपीचे प्राथमिक ज्ञान हा पाळक व कॅटेकिस्ट यांच्या सेवेचाच भाग मानला पाहिजे.

प्रश्न असा की, कोणती लिपी शिकावी? पाच रेषांच्या पाश्चात्य लिपीत स्वराची उंची रेषांवरील वा रेषांमधील स्थानावरून कळते आणि त्याचा काल चिन्हाच्या आकृतीवरून. रेषांच्या या पद्धतीस अकराव्या शतकात व्यवस्थित रूप देणारा अरेत्सोचा ग्विदो हा मठवासी होता. अपरिचित स्तोत्रही गायकांना शिक्षकावाचून गाता यावे, हा त्याचा हेतू होता. गोव्यातील चर्चच्या शाळांनी हीच विद्या जोपासली. अनेक आवाजांत गावयाच्या स्तोत्रांना ती अपरिहार्य आहे.

भजनाची प्रकृती निराळी. तेथे षड्ज गाणाऱ्याच्या कंठाप्रमाणे ठरतो आणि भातखंडे (१८६०–१९३६) यांची लिपी याच तत्त्वावर उभी आहे. स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल, वर बिंदू म्हणजे तार सप्तक, खाली बिंदू म्हणजे मंद्र. समेस फुलीचे चिन्ह व खालीस शून्य. ग्वाल्हेर येथे १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय स्थापन झाले, ते भातखंडे यांच्याच मार्गदर्शनाने. मराठी वाचणाऱ्यास ही चिन्हे थोड्या अभ्यासाने अवगत होतात. यास्तव आरंभ येथूनच करावा.

लिपीवरून गाणे निर्जीव होते, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्यांश आहे. मींड कोठून कोठे जाते हे कमानीने दाखविता येते, तिच्यातील आर्तता दाखविता येत नाही. परंतु पवित्र शास्त्रही वाचकाच्या वाणीनेच सजीव होते. त्यासाठी आपण ग्रंथ टाकून देत नाही.

प्रथम परिचित भजन घ्यावे. हाताने मात्रा मोजाव्या, नंतर स्वर म्हणावे, शेवटी शब्द. एवढे साधल्यावर आपल्या मंडळीतील एखाद्या वृद्ध भगिनीजवळ बसून तिच्या मुखातील एक तरी चाल लिहून घ्यावी. हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही.